वाचकांचे प्रश्न : लग्नाच्या फोटोत फुले कशी दिसतील?

प्रश्न : मुलीचे लग्न जानेवारीत पुण्यातच, लॉनवर आहे. मुहूर्ताला पिवळी अष्टपुत्री, नंतर हिरवा शालू. डेकोरेटर स्टेजमागे झेंडूची पूर्ण भिंत करू म्हणतात. फोटोत चांगली दिसेल का? – वधूची आई, कोथरूड

भिंत छान दिसेल, पण मुलगी तिच्यात हरवेल. पिवळ्या साडीमागे पिवळा-केशरी झेंडू आला की पदराची कड, खांद्याची रेषा काहीच सुटे दिसत नाही. शिवाय झेंडूवर ऊन पडले की त्याचा केशरी उजेड परतून माणसांवर येतो. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उभे राहिले तर गाल आणि वराचा पांढरा सदरा केशरट दिसतो. तो रंग नंतर संगणकावर काढायला गेले की साडीचा पिवळाही फिका पडतो.

बॅकड्रॉपचे उंचीनुसार दोन भाग कल्पा. मंगलाष्टकांना वधूवर समोरासमोर उभे असतात, म्हणजे फोटो बाजूने निघतो आणि मुंडावळ्यांचे मोती थेट मागच्या फुलांवर दिसतात. मागे पांढरी शेवंती किंवा निशिगंध दाट असेल तर मोती गायब होतात. म्हणून साधारण पाच ते आठ फुटांच्या पट्ट्यात कामिनी, अरेका पाम, फर्न असा हिरवा पाला ठेवा, त्यात फुले तुरळक. त्याखाली, साडी जिथे येते तिथे, फिकट गुलाबी किंवा पीच रंगाचे गुलाब आणि कार्नेशन भरा. त्यावर पिवळी साडीही उठते आणि हिरवा शालूही. गडद लाल गुलाब मात्र मोठ्या प्रमाणात नको. सावलीत तो काळा दिसतो आणि प्रखर प्रकाशात पाकळ्यांचा भेद न राहता नुसता लाल डाग उरतो.

झेंडू सोडू नका. तोरणाला, मांडवाच्या खांबांना, प्रवेशाच्या कमानीला तोच हवा. पाठीमागे तेवढा नको.

नक्की करण्याआधी साडी घेऊन डेकोरेटरकडे जा. ज्या फुलांचा विचार आहे त्यांच्या जुडीवर पदर टाका, सावलीत मोबाइलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. पदर आणि फुले एकाच करड्या छटेची दिसली तर सहा फुटांवरूनही ती एकमेकांत मिसळणार. मांडवाच्या छताचे कापडही विचारून घ्या. दुपारच्या उन्हात लाल किंवा पिवळ्या छताखाली सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे होतात. पांढरे किंवा क्रीम कापडच घ्यावे.

प्रश्न : बॅकड्रॉप किती मोठा करावा? 8 बाय 8 फुटांचा तयार साचा स्वस्तात मिळतो आहे. – वाचक, सिंहगड रोड

आठ फूट उंची पुरत नाही, हिशेब करून पाहा. स्टेज दोन फुटांचे, फोटोग्राफर खाली उभा, म्हणजे कॅमेरा स्टेजच्या पातळीपासून तीन फुटांवर. वधूवर कॅमेऱ्यापासून 15 फुटांवर, बॅकड्रॉप त्यांच्या मागे आणखी पाच फुटांवर. फेटा धरून सहा फूट उंची आणि वर दोन फूट मोकळी जागा हवी असेल, तर कॅमेऱ्याची तिरपी नजर बॅकड्रॉपवर सुमारे साडेनऊ फुटांच्याही वर जाते. आठ फुटी साचा घेतला तर डोक्याच्या वर पाइप, मांडवाची झालर आणि पंखा येतो. दहा फूट उंची धरा. रुंदीचे गणित ग्रुप फोटोवरून करा : दहा माणसे बॅकड्रॉपला जवळजवळ लागून ओळीत उभी राहिली की माणशी दीड फूट, म्हणजे 15 फूट, म्हणून 16 फूट. मामा, करवल्या, अंतरपाट धरणारे यांनाही तेवढी जागा लागतेच.

एवढी भिंत फुलांनी गच्च भरायची गरज नाही. पाच सेंटिमीटरचा गुलाब शेजारी शेजारी लावला तर चौरस फुटाला तीस-पस्तीस फुले लागतात. 160 चौरस फुटांना पाच हजारांच्या घरात गुलाब, म्हणजे वीस-वीसच्या अडीचशे जुड्या. वरचे दोन फूट नुसत्या पानांचे ठेवा. मोठे गुच्छ दोन्ही बाजूंना असू द्या, एक बाजू थोडी जड चालते. वधूवरांच्या डोक्यांमागे एकही ठळक मोठे फूल येऊ देऊ नका. लिलीचा तुरा नेमका फेट्यातून उगवल्यासारखा दिसतो.

डेकोरेटर हमखास विसरतात ते खालचे दोन-अडीच फूट. होम आणि सप्तपदीच्या वेळी वधूवर पाटावर बसतात, कॅमेराही खाली येतो आणि वायरी, विटा, पाण्याच्या बाटल्या, लोखंडी पाय सगळे दिसते. तळाची कडा जमिनीपर्यंत पाल्याने झाकून घ्या. होमकुंड मात्र बॅकड्रॉपपासून किमान पाच फूट दूर. थर्माकोल आणि सुका पाला लगेच पेटतो.

प्रश्न : फेब्रुवारीत गुहागरला समुद्रकिनारी गोरज मुहूर्तावर लग्न आहे. मागे समुद्र आणि फुलांची भिंत असा फोटो हवा आहे. – नियोजित वर, बावधन

त्या वेळी सूर्य समुद्रावर असणार. भिंत समुद्राकडे उभारली तर कॅमेऱ्याला तिची सावलीतली बाजू दिसेल, फुले मळकट आणि चेहरे काळे. वर समुद्रावरचा वारा भिंतीच्या पाठीवर आदळेल. ताशी 30 किलोमीटरच्या वाऱ्यात 12 बाय 10 फुटांच्या भरीव भिंतीवर पन्नासेक किलोचा जोर येतो. वारा 40 चा झाला की तो शंभर किलोच्या आसपास जातो, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. भिंत पडणार ती वधूवरांच्या अंगावर.

दोन्ही अडचणी दिशा बदलून सुटतात. बहुतेक घरांत मंगलाष्टकांना वधूवर पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे असतात. तेव्हा बॅकड्रॉप उत्तरेला आणि फोटोग्राफर दक्षिणेला ठेवा. फेब्रुवारीत सूर्य पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला मावळतो, त्यामुळे फुलांना तिरपा, मऊ उजेड मिळतो आणि वाऱ्यालाही भिंतीची फक्त कड लागते. गुरुजींशी दिशेचे आधीच बोलून घ्या. पूर्वेकडे तोंड असलेल्याचा चेहरा सावलीत राहील. त्याच्यासाठी कॅमेऱ्याच्या बाजूला, थोडे पूर्वेला, चार बाय सहा फुटांचे पांढरे कापड चौकटीवर ताणून धरायला माणूस ठेवा. सूर्यास्त साडेसहा ते पावणेसातच्या सुमाराला होतो आणि त्यानंतर उजेड भराभर उतरतो. समुद्र मागे घेऊन जोडीचे फोटो मुहूर्ताआधी वेगळे काढा.

भरीव भिंतीऐवजी फटी असलेली बांबूची कमान करा. मागे तीन फूट लांबीचे आडवे पाय द्या आणि त्यांच्या टोकांवर 40 किलोची वाळूची पोती, किमान चार. नुसते वाळूत रोवलेले बांबू हलून सैल होतात. कापडाच्या झालरी टाळा, प्रत्येक फोटोत त्या चेहऱ्यावर येतील.

फुलांमध्ये हेलिकोनिया, अँथुरियम, डेंड्रोबियम ऑर्किड इथे उत्तम. ती दमट हवेत टिकतात आणि मोठ्या आकारामुळे लांबूनही ओळखू येतात. पण ती बर्फाच्या पेटीतून नेऊ नका. 10-12 अंशांच्या खाली ही उष्ण हवेतली फुले काळवंडतात. गुलाबांना थंडी मानवते, म्हणून दोन्हींचे खोके वेगळे ठेवा. हेलिकोनिया तोडल्यावर आणखी उमलत नाही, तेव्हा हवा तेवढा उमललेलाच घ्या.

खरे सांगायचे तर किनाऱ्यापेक्षा मागच्या नारळी-पोफळीच्या वाडीत लग्न लावावे. वारा कमी, पाठीमागे आयता हिरवा पडदा, फुले निम्मी पुरतात. फक्त कवडशांवर उपाय हवा. झावळ्यांतून आलेला उन्हाचा ठिपका नाकावर पडला की फोटो वाया जातो. वधूवरांच्या वर 12 बाय 12 फुटांचे पातळ पांढरे कापड ताणा. आणखी एक : याच महिन्यांत गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात. किनाऱ्यावर काही उभारायचे तर आधी परवानगी घ्या आणि अंधार पडल्यावर समुद्राकडे झोत लावू नका.

प्रश्न : बहिणीच्या लग्नात कार्यालयात पांढऱ्या फुलांची सजावट होती, फोटोत सगळी जांभळी आली. व्हिडिओत आडवे पट्टेही आहेत. आता माझ्या लग्नात काय काळजी घेऊ? – वाचक, निगडी

जांभळा रंग रंगीत एलईडी पार लाइटचा, म्हणजे स्टेजवर रंगीत झोत टाकणाऱ्या दिव्यांचा. पांढरे फूल मिळेल तो रंग घेते आणि चेहराही. निळ्या-जांभळ्या उजेडातला चेहरा नंतर नीट दुरुस्त होत नाही. अंतरपाट धरल्यापासून सप्तपदी संपेपर्यंत रंगीत दिवे बंद, असे लाइटवाल्याला लेखी द्या. फुलांवर आणि चेहऱ्यांवर एकाच छटेचे, 3000 ते 3500 केल्विनचे (किंचित पिवळसर उजेडाचे) दिवे असावेत. पट्टे येतात दिव्यांच्या लुकलुकीमुळे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतो-मंदावतो. व्हिडिओचे शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवले की असे पट्टे सहसा जातात. आदल्या दिवशी दिवे लावून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहा, लुकलुक लगेच दिसते. असे दिवे बदलून मागा.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी साडेबाराचा मुहूर्त आहे. फुले तोवर टिकतील का? – वाचक, हडपसर

टिकतील, घाई नीट वाटून घेतली तर. मार्केट यार्डातून आदल्या दिवशी पहाटे आणलेल्या फुलांचे देठ इंचभर तिरपे कापा, खालची पाने काढा आणि सावलीत चार-पाच तास पाण्यात उभी ठेवा. जरबेऱ्याला दोन-तीन इंचच पाणी द्या, जास्त पाण्यात देठ कुजतो आणि फूल मान टाकते. ओअ‍ॅसिसची वीट (फुले खोचायचा, पाणी शोषणारा स्पंज) बादलीत तरंगत सोडा, मिनिटभरात ती स्वतः बुडते. हाताने दाबली तर आत हवा अडकते, वरून ओली दिसणारी वीट मधोमध कोरडी राहते आणि नेमकी तिथली फुले अकरा वाजता सुकतात. एकदा वाळलेली वीट पुन्हा नीट पाणी धरत नाही. भिजलेली वीट जवळजवळ दोन किलोंची होते, चाळीस विटांचे ऐंशी किलो साच्याला पेलवायला हवेत.

विटा आणि पाला रात्री लावा. कार्नेशन, शेवंती, ऑर्किड पहाटे चारनंतर, गुलाब सर्वांत शेवटी आणि अर्धे उमललेलेच. हायड्रेंजिया मेमध्ये घेऊच नका. झेंडूच्या माळा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका, आतल्या आत तापून सडतात. ओल्या बारदानात सैल गुंडाळा. लिलीचे पिवळे परागकोष आधीच काढा, शालूला लागलेला डाग जात नाही.

प्रश्न : थोडी प्लॅस्टिकची फुले मिसळली तर फोटोत कळते का? – वाचक, औंध

चकाकणारी असतील तर लगेच, कारण फ्लॅश त्यांच्यावरून पांढऱ्या ठिपक्यांसारखा परततो. कापडी, चमक नसलेली फुले आठ फुटांच्या वर चालतात. त्याच्या खाली, चेहऱ्यांच्या उंचीला, खरीच लावा, आणि कापडी फुलांची छटा खऱ्या फुलांच्या जुडीशेजारी धरून निवडा.