तुटलेला बेल्ट भंगारात जाऊ देऊ नका

प्रश्न : मी कासारवडवलीला राहतो. चौदा महिन्यांपूर्वी जवळच्या गॅरेजमध्ये माझ्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट बदलून घेतला. बिलात ‘बेल्ट किट, टेन्शनरसह’ असं लिहून १४,५०० रुपये घेतले. त्यानंतर गाडी जेमतेम १८ हजार किलोमीटर चालली आणि घोडबंदर रोडवर गायमुखजवळ बेल्ट तुटला. आता वागळे इस्टेटमधल्या दुसऱ्या गॅरेजने व्हॉल्व्ह वाकल्याचं सांगून ९२ हजारांचं एस्टिमेट दिलंय. टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, जुनाच दिसतो, असंही ते म्हणतात. पहिला गॅरेजवाला बिलावर छापलेल्या ‘कामानंतर जबाबदारी नाही’ या ओळीकडे बोट दाखवतो. विमा कंपनीनेही हात वर केले. काय करू?

उत्तर : आधी वागळे इस्टेटला फोन करा, आजच. तुटलेला बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली), वाकलेले व्हॉल्व्ह यांतलं काहीही टाकू नका आणि इंजिन बांधायला घेऊ नका, असं सांगा. नोटीस, तक्रार हे सगळं त्यानंतर. जुने पार्ट भंगारात गेले की चांगलं प्रकरणसुद्धा लंगडं होतं, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

बेल्ट तुटल्यावर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थांबतो, पिस्टन मात्र वर येत राहतात आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. नुकसान कसं झालं यावर वाद होणार नाही. वाद होईल तो बेल्ट इतक्या लवकर का तुटला यावर. बऱ्याच इंजिनांत तो ६० हजार ते १ लाख किलोमीटर चालतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. समोरचा म्हणेल, ऑइल गळून बेल्टवर गेलं, वॉटर पंप जाम झाला. म्हणून त्रयस्थ ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या आणि अहवालात या दोन्ही शक्यतांवर त्यांचं स्पष्ट मत मागा. तपासणीची तारीख, वेळ पहिल्या गॅरेजला स्पीड पोस्टाने आधी कळवा. तो आला तर उत्तम. नाही आला तर ‘माझ्या पाठीमागे केलं’ या त्याच्या तक्रारीत दम उरणार नाही. ओडोमीटर आणि इंजिन नंबरसह फोटो काढा, पार्ट सील करून ठेवा.

टेन्शनर खरंच जुना निघाला, तर न बसवलेल्या पार्टचे पैसे घेतले असा अर्थ होतो. ही सेवेतली त्रुटी तर आहेच, शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथाही ठरू शकते. छापील ओळीला घाबरू नका. काम झाल्यावर हातात पडलेल्या बिलाच्या तळाशी जे छापलंय, ती तुम्ही आधी मान्य केलेली अट नव्हे.

विमा कंपनीचं म्हणणं मात्र बहुधा टिकेल. साध्या मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. त्यात वेळ घालवू नका.

गॅरेजला पंधरा दिवसांची नोटीस द्या. दाद मिळाली नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. आयोग आणि शुल्क ठरवताना मोजली जाते ती तुम्ही दिलेली रक्कम, म्हणजे १४,५०० रुपये. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही. मागणी दुरुस्तीचा खर्च, बेल्टच्या कामाचे पैसे, टोइंग आणि मनस्तापाची भरपाई एवढीच ठेवा. नवीन गाडी मागू नका, ती मिळणार नाही.

तपासणी झाल्यावर दुरुस्ती करून घ्या, निकालाची वाट बघत गाडी उभी ठेवू नका. वागळे इस्टेटच्या गॅरेजचं बिल मात्र तुम्हालाच भरावं लागेल. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे मजुरी मिळेपर्यंत त्यांना गाडी अडवून ठेवता येते. पहिल्याचा राग त्यांच्यावर काढू नका. तुमचा सगळ्यात उपयोगी साक्षीदार तिथेच आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. गायमुखला गाडी बंद पडल्यावर स्टार्टर किती वेळा मारलात? बेल्ट तुटल्यावर पुन्हा पुन्हा क्रँक केलं तर नुकसान वाढू शकतं, आणि हा प्रश्न समोरून येणारच. जे घडलं ते तक्रारीत स्वतःहून लिहा.