जिरामध्ये (कामं तिकिटांच्या रूपात सांभाळायचं Jira सॉफ्टवेअर) एका तिकिटावर तिघांची नावं लावायचीत, मल्टी यूझर फील्ड बनवलं पण ते दिसतही नाही आणि कुणाला मेलही जात नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅसाइनीत (तिकिटाची जबाबदारी ज्याच्यावर, त्याच्या नावाच्या जागेत) एकच नाव बसतं म्हणून वेगळं फील्ड केलं, आणि आता ते तिकिटावर दिसत नाही, ज्यांची नावं टाकली त्यांना कळतही नाही. मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल एक्स्पोर्टच्या कारखान्यात आहे, आमच्याकडे ऑर्डरी आणि सॅम्पल सगळं जिरावर चालतं आणि ते सेटिंग मीच सांभाळतो, त्यामुळे या सगळ्यातनं मी गेलोय.

पहिलं बघा, तुमचा प्रोजेक्ट कंपनी मॅनेज्ड (सेटिंग अ‍ॅडमिन सांभाळतो) आहे की टीम मॅनेज्ड (टीम स्वतःच सांभाळते). टीम मॅनेज्ड असेल तर प्रोजेक्टच्याच सेटिंगमध्ये पीपल नावाचा फील्ड प्रकार मिळतो, त्यात एकापेक्षा जास्त माणसं बसतात, विषय संपला. कंपनी मॅनेज्ड असेल तर अ‍ॅडमिनच्या सेटिंगमध्ये इश्यूज (नव्या स्क्रीनवर वर्क आयटम्स म्हणतात), तिथं कस्टम फील्ड्स, आणि प्रकार निवडताना यूझर पिकर मल्टिपल यूझर्स हाच घ्यायचा. यादीत त्याच्या जवळच सिंगल यूझरवाला पण असतो, घाईत बोट तिकडं जातं, आणि एकदा बनवलं की प्रकार बदलता येत नाही, नवीनच फील्ड करावं लागतं.

दिसत नाही याचं कारण बहुतेक वेळा स्क्रीन असतं. फील्ड बनवणं आणि ते स्क्रीनवर लावणं ही दोन वेगळी कामं आहेत हो, क्रिएट, एडिट आणि व्ह्यू या तिन्ही ठिकाणी जी स्क्रीन वापरली जाते तिच्यावर फील्ड टाकलंय का बघा, आणि फील्डच्या कॉन्टेक्स्टमध्ये (ते कुठल्या प्रोजेक्टांना लागू आहे त्या सेटिंगमध्ये) तुमचा प्रोजेक्ट धरलाय का तेही बघा. रिकामं फील्ड कधी कधी खाली मोअर फील्ड्समध्ये दडून बसतं, मग माणूस उगाच सेटिंग उकरत बसतो.

आता मेल. कस्टम फील्डमध्ये नाव टाकलं म्हणून जिरा आपोआप त्या माणसाला कळवत नाही. नोटिफिकेशन स्कीममध्ये (कुठल्या घटनेला कुणाला मेल जाणार ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) जायचं, ज्या ज्या घटनेला कळवायचंय (तिकीट तयार झालं, बदललं, कॉमेंट आली) तिथं यूझर कस्टम फील्ड व्हॅल्यू हा पर्याय घेऊन आपलं फील्ड निवडायचं. आणि त्या माणसाला प्रोजेक्ट बघायची परवानगी पाहिजे, तिकीट उघडता येत नसेल तर त्याला मेलही जात नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, टेस्ट करताना स्वतःचंच नाव टाकून मेलची वाट बघू नका, आपण स्वतः केलेल्या बदलाचा मेल आपल्याला मुळात येतच नाही, ते पर्सनल सेटिंगमध्ये चालू करावं लागतं. माझी एक आख्खी दुपार यात गेली होती.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. तुम्हाला हे फील्ड अ‍ॅसाइनीच्या जागी वापरायचंय असं वाटतंय, तसं करू नका. आम्ही तेच केलं होतं. एका बायरला टॉवेलच्या रंगाचे लॅब डिप (मंजुरीसाठी रंगवलेले छोटे नमुने) पाठवायचे होते, तिकिटावर डाइंगचा एक, क्वालिटीचा एक आणि मर्चंडायझर (बायरची ऑर्डर सांभाळणारा) अशी तीन नावं, फील्डचं नाव नुसतं ‘टीम’, आणि अ‍ॅसाइनी रिकामा. दिवस जानेवारीचे, सिद्धेश्वरांची यात्रा, गड्डा (यात्रेतली जत्रा) भरलेला, निम्मे लोक सुट्टीवर. डाइंगवाल्यानं शेड काढून ठेवली आणि त्याला वाटलं क्वालिटीवाला पुढं देईल, क्वालिटीवाल्याला वाटलं मर्चंडायझर घेऊन जाईल, मर्चंडायझरला वाटलं अजून शेडच निघाली नाही. पाकीट टेबलावरच राहिलं आणि बायरचाच मेल आला की डिप कुठायत. बारभाईची शेती, काय लागेल हाती, तसं झालं अगदी. चूक कुणा एकाची म्हणता येईना, कारण तिकिटावर तिघंही होते आणि ते पुढं न्यायचं काम कुणा एकाचं नव्हतं.

तेव्हापासून आमच्यात अ‍ॅसाइनी एकच, रिकामा ठेवायचा नाही. मल्टी फील्डचं नाव ‘शेड तपासणारे’. नाव असं ठेवा की वाचल्याबरोबर त्या माणसाला कळावं आपण इथं कशाला आहोत. आणि तिघांना खरोखर वेगवेगळी कामं करायची असतील तर तीन सबटास्क (त्याच तिकिटाखालची छोटी तिकिटं) करा, प्रत्येकाला स्वतःचा अ‍ॅसाइनी. कारण हे फील्ड फक्त कोण कोण आहे ते सांगतं, कुणाचं झालं आणि कुणाचं राहिलं हे त्यात कळतच नाही. आसना (Asana) या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर आजही एका टास्कला एकच अ‍ॅसाइनी लागतो, सुरुवातीला मला ते अडचणीचं वाटायचं, आता पटतं. ट्रेलो आणि क्लिकअपमध्ये सरळ अनेक जण लावता येतात, पण तिथंही हाच घोळ होऊ शकतो.

अजून एक, नाव निवडताना आमच्याकडं एकाच नावाचे दोघं आहेत, एक डाइंगला एक पॅकिंगला, आणि पिकरमध्ये पहिली दोन अक्षरं टाकली की जो वर येईल त्यावर क्लिक. दोघांना प्रोफाइलच्या नावापुढं आपला विभाग लिहायला लावलं आणि फोटो लावायला लावले, तेव्हा थांबलं. यूझर फिल्टरिंगमध्ये ठरावीक ग्रुप किंवा प्रोजेक्ट रोलपुरती यादी मर्यादित करता येते, माणसं जास्त असतील तर ते नक्की करा.

प्रत्येकाला आपली तिकिटं दिसावीत म्हणून सेव्ह केलेला फिल्टर द्या, फील्डचं नाव बरोबर करंट यूझर फंक्शन (म्हणजे फिल्टर उघडणारा माणूस) एवढंच लागतं, यादीतल्या कुठल्याही जागी त्याचं नाव असलं तरी तिकीट सापडतं. उलटं शोधताना मात्र जपा, ‘अमुक नाही’ असं शोधलं तर फील्ड रिकामं असलेली तिकिटं यादीत येतच नाहीत, ती रिकामं असण्याची अट वेगळी जोडून घ्यावी लागतात.

आणि चुकून सिंगलवालं फील्ड बनवून त्यात आधीच नावं भरली असतील तर ते लगेच डिलीट करू नका. एकेका नावावर फिल्टर लावा, आलेली तिकिटं बल्क चेंजमध्ये घेऊन नव्या फील्डमध्ये तेच नाव भरा, चार-पाच तिकिटं उघडून खात्री करा आणि मगच जुनं काढा. क्लाउडवर काढलेलं फील्ड ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतं, तेवढ्यात काही राहिलंय असं दिसलं तर परत आणता येतं.