दुर्बिणीआधी मृगाचा बाण

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

कोणती दुर्बीण घेऊ, असं विचारलं आहेस. या वर्षी घेऊच नकोस. माझी पहिली दुर्बीण मी घाईने घेतली होती. आकाश ओळखीचं नव्हतं, त्यामुळे ती रोखायची कुठे हेच कळेना. दोन महिन्यांत माळ्यावर गेली. त्याची हळहळ अजून वाटते.

त्यापेक्षा ऐरोलीच्या तुझ्या गच्चीवरून मृग नक्षत्र धर. सध्या डिसेंबर आहे. रात्री आठच्या सुमारास पूर्वेला, पारसिकच्या डोंगराकडे बघ. एकाखाली एक असे तीन तारे दिसतील, तो मृगाच्या पोटात घुसलेला बाण. पृथ्वीचं विषुववृत्त आकाशापर्यंत ताणलं की होतं खगोलीय विषुववृत्त, आणि बाण जवळजवळ त्याच्यावरच आहे. म्हणून तो थेट पूर्वेला उगवतो आणि थेट पश्चिमेला, खाडीच्या अंगाला मावळतो.

आता एक काम कर. बाणाचा वरचा तारा पाण्याच्या टाकीच्या कडेमागून कधी बाहेर येतो, ती वेळ वहीत लिही. दुसऱ्या रात्री त्याच फरशीवर उभी राहा. तारा चार मिनिटं आधी येईल. पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी 23 तास 56 मिनिटांत पुरी करते, तो नाक्षत्र दिवस. पण तेवढ्यात ती सूर्याभोवती अंशभर पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला आणखी चार मिनिटं लागतात, तो आपला 24 तासांचा सौर दिवस. रोजची चार मिनिटं म्हणजे महिन्याला दोन तास.

यातूनच एक जुना गोंधळ सुटतो. जूनमध्ये सगळे 'मृग लागला' म्हणतात, पण तेव्हा रात्री मृग शोधून सापडत नाही. ताऱ्यांमधून सूर्याचा वर्षभराचा जो मार्ग दिसतो ते क्रांतिवृत्त. त्याचे 27 भाग केले, प्रत्येक 13 अंश 20 कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). त्या भागांनाही नक्षत्रंच म्हणतात. 7-8 जूनला सूर्य मृगाच्या भागात शिरतो, म्हणजे मृग तेव्हा दिवसा आकाशात असतो, उजेडात बुडालेला. डिसेंबरात सूर्य पलीकडच्या बाजूला, म्हणून मृग जवळजवळ रात्रभर आपल्याला दिसतो. मला हे उमगलं त्या दिवशी पंचांग आणि आकाश पहिल्यांदा एकत्र दिसलं.

उत्तरेला कळव्याच्या दिव्यांवर ध्रुव शोध. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची. क्षितिजापासून दोन मुठी मोज. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, इथे 19. श्रीनगरला हाच तारा साडेतीन मुठी वर दिसेल.

ताऱ्याचं तेज मोजतात ती प्रत. तिचा आकडा उलटा चालतो: जितका लहान, तितका तारा तेजस्वी. ध्रुव साधारण 2 प्रतीचा; रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध, उणे 1.46. बाणाची रेघ खाली वाढवलीस की नऊनंतर व्याधच सापडतो. तो 8.6 प्रकाशवर्षं दूर आहे. प्रकाशवर्ष हे अंतर, काळ नव्हे; सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर. आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा तू शाळेत होतीस.

खगोल मंडळाचे वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. पुढच्या अमावास्येच्या आसपास असेल तर ठाण्याहून कर्जत लोकलने बरोबर जाऊ. स्वेटर घे, आणि टाकीच्या वेळा लिहिलेली वही आण.

तुझा,
काका