कादंबरी वाचून मुलीनं उपासनेला येणं सोडलं, तेव्हा

भायखळ्याच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) बाई. पालिकेच्या रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर. मुलगी एकोणीस वर्षांची, फोर्टातल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलीनं 'द दा विंची कोड' ही जगभर खपलेली इंग्रजी रहस्यकादंबरी वाचली, मग त्यावरचा चित्रपट पाहिला, आणि दृढीकरणाच्या, म्हणजे मोठेपणी श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या, वर्गातून नाव काढून घेतलं. कादंबरीत असं आहे की येशूचं त्याची शिष्या मग्दालीया मरीया हिच्याशी लग्न झालं, त्यांचा वंश चालला, आणि चर्चनं ते दडवलं. मुलगी रविवारी घरीच बसते. म्हणते, "येशूला देव कुणी केलं? एका रोमन बादशहानं, मतं मोजून." आईची आमच्याकडे, समुपदेशकांकडे, मागणी सरळ होती. "मॅडम, ते पुस्तक खोटं आहे एवढं तिच्या डोक्यात घाला."

ही काळजी घेऊन बरेच पालक येतात. कधी कादंबरी असते, कधी मालिका, कधी मामांनी पाठवलेला 'येशू काश्मीरला राहून गेला' हा व्हिडिओ. पालक घाबरलेले असतात, आणि त्यांच्याजवळ उत्तर नसतं म्हणून आवाज चढलेला असतो. डोक्यात घालण्याचं काम आम्ही करत नाही, हे आईला पहिल्या भेटीतच सांगितलं. मुलगी सज्ञान आहे, तिच्याशी झालेलं बोलणं तिच्या परवानगीशिवाय आईकडे जाणार नाही, आणि ती पुन्हा चर्चला येईल याची हमी मिळणार नाही. तिसरी अट आईला रुचली नाही. ते साहजिक होतं.

मुलीशी बोलताना आधी कादंबरी बाजूला ठेवली. झोप कशी आहे, जेवण, परीक्षा, मैत्रीत काही तुटलं आहे का? दुःख भलतंच असतं आणि चर्चवरचा राग ही त्याला टांगायची खुंटी असते, असं पुष्कळदा होतं. तसं असेल तर इतिहासावर घातलेला वेळ वाया जातो. इथं तसं काही नव्हतं. म्हणून पुढचा प्रश्न विचारला, "कोणतं पान वाचून सगळ्यात जास्त राग आला?" 'तुझा विश्वास उडाला का' असं विचारलं की तरुण माणूस बचावाला उभं राहतं आणि हो-नाहीत उत्तर देतं. पान विचारलं की नेमकं ठिकाण कळतं.

तिचं ठिकाण येशूच्या लग्नाचं नव्हतंच. ते मग्दालीया मरीयेचं होतं. शब्बाथशाळेच्या (चर्चमधल्या मुलांच्या धर्मवर्गाच्या) नाटकात तिला मरीयेची भूमिका दिली होती, अंगावर लाल साडी, आणि शिक्षकांनी सांगितलं होतं की ही वेश्या होती. कादंबरीत वाचलं की हा चर्चनं पसरवलेला आळ आहे. तिनं बायबलमधली लूक आणि योहान ही शुभवर्तमानं (येशूची चरित्रं) उघडून पाहिली, तर खरंच तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. मग बाकीचंही खरं असणार, असं तिनं धरलं.

दुसरा धक्का आईनंच दिला होता. कादंबरीला उत्तर म्हणून आईनं एक फॉरवर्ड पाठवला: तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या, म्हणजे बायबलमध्ये मोशेचा पाठलाग करणाऱ्या इजिप्तच्या राजाच्या, रथांची चाकं सापडली. मुलीनं थोडा वेळ शोधलं. त्या चाकांचा प्रसिद्ध झालेला एकही उत्खनन-अहवाल नाही. म्हणजे कादंबरीतली एक गोष्ट तपासली तर खरी निघाली, आणि आईनं दिलेली तपासली तर पोकळ. आईला हे समजावताना तिच्याच कामातलं उदाहरण घेतलं. वॉर्डात ऐकीव गोष्ट केसपेपरवर चढवत नाहीत. एकदा तसं सापडलं की त्या पेपरावरच्या खऱ्या नोंदींवरही डॉक्टर भरवसा ठेवत नाहीत. तिला ते लगेच पटलं. फॉरवर्ड बंद झाले.

मुलीला एक वही करायला सांगितली. पानाचे तीन भाग. पहिल्यात कादंबरीतला दावा, जसाच्या तसा. दुसऱ्यात, तो कुणाच्या तोंडी आहे आणि तपासता येण्यासारखा आहे का. तिसऱ्यात काय सापडलं, वर्षासकट. आठवड्याला एकच दावा. सगळे एका बैठकीत काढले की वादविवाद होतो, आणि वादात हरलेलं माणूस विचार बदलत नाही, फक्त गप्प बसतं.

पहिला दावा मुद्दाम श्रद्धेशी संबंध नसलेला घेतला. कादंबरीच्या सुरुवातीला 'वस्तुस्थिती' म्हणून सांगितलंय की येशूच्या वंशाचं गुपित सांभाळणारी 'प्रायरी ऑफ सायन' ही संघटना १०९९ मध्ये स्थापन झाली. प्रत्यक्षात त्या नावाची संघटना १९५६ मध्ये फ्रान्समध्ये प्येर प्लांतार नावाच्या माणसानं नोंदवली, आणि तिचा प्राचीन इतिहास सांगणारे बनावट कागद १९६०च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले गेले. इथं कुणाचा देव पणाला लागलेला नसतो, म्हणून मन शांत राहतं आणि तपासायची सवय लागते. 'वस्तुस्थिती' हा शब्दही कथेचाच भाग असू शकतो, हे मुलीनं स्वतःच वहीत लिहिलं.

मग नायसिया, म्हणजे बादशहानं मतं मोजून येशूला देव केलं असं कादंबरी जिच्याविषयी म्हणते ती बिशपांची (चर्चच्या धर्माध्यक्षांची) परिषद. इथं घाई केली की चूक होते, कारण कादंबरीचा दावा पूर्णपणे हवेतला नाही. इ.स. ३२५ ची परिषद बादशहा कॉन्स्टंटाइननंच बोलावली होती. जमलेल्या बिशपांचा आकडा साधारण तीनशे सांगतात. पण वाद 'येशू माणूस की देव' असा नव्हता. ज्याच्याविरुद्ध निर्णय झाला तो एरियस नावाचा पाळकसुद्धा ख्रिस्ताला साधा माणूस मानत नव्हता. जगाच्या आधी निर्माण झालेला, सर्वांत श्रेष्ठ, पण पित्याच्या बरोबरीचा नाही, असं त्याचं म्हणणं. निकाल निसटत्या मतांनी लागला हेही चूक. एरियसखेरीज शेवटपर्यंत सही न करणारे बिशप दोन. आणि बादशहानं ठरवलं म्हणून प्रकरण मिटलं, असंही झालं नाही. कॉन्स्टंटाइनच्याच मुलानं, कॉन्स्टंटियसनं, पुढे विरुद्ध पक्षाला बळ दिलं. नायसियाची बाजू लढवणाऱ्या बिशप अथानेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. आणि निवाडा पक्का झाला तो ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत. बहुतेक पालक ही भांडणं लपवू पाहतात. आमच्या मते तीच सांगावीत. गुपचूप उरकलेल्या कटाचा पन्नास वर्षांहून जास्त काळ उघड गोंधळ चालत नाही.

बायबलची पुस्तकं नायसियात निवडली गेली, हेही त्यातलंच. परिषदेच्या वीस नियमांत पुस्तकांच्या यादीचा विषय नाही. मग ही समजूत आली कुठून? कॉन्स्टंटाइननं नंतर बिशप युसेबियसकडून शास्त्राच्या पन्नास प्रती तयार करून मागवल्या होत्या. प्रती मागवणं आणि यादी ठरवणं यांची सरमिसळ झाली. चार शुभवर्तमानं, न कमी न जास्त, असं बिशप इरेनियस इ.स. १८०च्या सुमारास लिहून गेला होता. नव्या कराराची (बायबलच्या दुसऱ्या भागाची) आजची सत्तावीस पुस्तकं नेमकी तशीच मोजलेली यादी अथानेशियसच्या ३६७ च्या पत्रात आहे. यादी जमायला वेळ लागला, कडेच्या काही पुस्तकांवर वाद झाले. हे मान्य केल्यानं काही बिघडत नाही.

येशूला देव मानणं ३२५ च्या आधी होतं का, याला मात्र लेखी पुरावा हवा होता. मुलीला दोन गोष्टी वाचायला दिल्या. आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याचं सम्राट त्राजानला इ.स. ११२च्या सुमारास लिहिलेलं पत्र: हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून स्तोत्र म्हणतात. आणि इस्रायलमध्ये मगिद्दो इथं तुरुंगाच्या आवारात २००५ मध्ये सापडलेली तिसऱ्या शतकातली फरशी, जिच्यावर अकेप्तूस नावाच्या बाईनं 'देव येशू ख्रिस्त' याच्या स्मरणार्थ मेज दिल्याचं लिहिलंय. मुलीचं लक्ष गेलं ते वेगळ्याच ठिकाणी. प्लिनीनं चौकशीसाठी छळ केला तो दोन दासींचा, ज्यांना मंडळीत सेविका म्हणत. मेज देणारीही बाईच. देवत्वाचा पुरावा शोधायला बसली आणि तिला तिचा खरा प्रश्न पुन्हा सापडला.

त्यामुळे 'दडवलेली' शुभवर्तमानं हा विषय तिनं स्वतःच घेतला. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या पोथ्या. फिलिपच्या नावावरच्या लिखाणात येशू मरीयेचं चुंबन घेत असे असं वाक्य आहे, पण कुठे, तो शब्द असलेली जागा पोथीत फाटलेली आहे. आणि मंडळीत भेटताना 'पवित्र चुंबन' ही रीतच होती, नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांत ती आहे. थोमाच्या नावावरच्या संग्रहातलं शेवटचं, ११४ वं वचन वाचून तर ती चिडलीच. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो मरीयेला बाहेर काढा, स्त्रिया जीवनाला योग्य नाहीत. आणि येशूचं उत्तर, मी तिला पुरुष करीन. स्त्रीचा सन्मान जपणारी पुस्तकं चर्चनं दडवली, या दाव्यापुढे तिनं तिसऱ्या रकान्यात मोठी फुली मारली.

मरीयेच्या बाबतीत मात्र कादंबरी बरोबर होती, आणि ते आम्ही सरळ सांगितलं. इ.स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात लूक ७ मधली पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया मरीया या तिघी एकच ठरवल्या. शास्त्रात तिच्याविषयी आहे ते एवढंच: सात भुतं निघाली, स्वतःच्या पैशानं सेवा केली, क्रुसापाशी उभी राहिली, आणि पुनरुत्थित प्रभू पहिल्यांदा तिला दिसला. कॅथलिक चर्चनं १९६९ मध्ये ही गल्लत दूर केली. आमच्या मराठी मंडळ्यांत नाटकातली लाल साडी अजून चालू आहे. पाळकसाहेबांना मुलीनं हे स्वतः विचारावं असं सुचवलं. आईला धाकधूक होती. पाळकसाहेब ऐकून म्हणाले, "बरोबर आहे तुझं, नाटक बदलायला हवं." या एका वाक्यानं झालं ते आमच्या वहीनं झालं नव्हतं.

सगळं झाल्यावर आईनं विचारलं, "मग आता पटलं ना तिला, येशू देव आहे?" नाही. प्लिनीच्या पत्रावरून एवढंच कळतं की ११२ मध्ये लोक तसं मानत होते. त्यांचं मानणं खरं होतं का, हे पत्र सांगू शकत नाही, मगिद्दोची फरशीही नाही. इतिहासाकडून तेवढं काम मागितलं की पालक पुन्हा रथाच्या चाकांकडे वळतात. मुलीनं दृढीकरण पुढे ढकललंय. बायकांच्या शास्त्राभ्यासाला अधूनमधून जाते, रविवारी सहसा नाही.

काश्मीरच्या व्हिडिओसाठीही हीच वही चालते. येशू भारतात येऊन गेला ही गोष्ट पसरली ती निकोलाय नोतोविच या रशियन माणसाच्या १८९४ च्या पुस्तकातून. लडाखच्या हेमिस मठात येशूचं चरित्र सापडलं असा त्याचा दावा. पुढच्याच वर्षी आग्र्याचे एक प्राध्यापक मठात जाऊन आले, आणि मुख्य लामांनी असा ग्रंथ नाही म्हणून सांगितलं.

मुलं तेरा-चौदा वर्षांची असतील तर वहीआधी एक काम घरीच करा. मार्कच्या सोळाव्या अध्यायाचा शेवट आणि योहान आठमधली व्यभिचारी स्त्रीची गोष्ट सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. पुष्कळ बायबलांत तशी टीप किंवा कंस असतो. तो तुम्ही दाखवा, जेवणानंतरच्या वाचनात, सहज. आणि पुस्तक अर्ध्यावर हिसकावून घेऊ नका. शेवट मित्राच्या मोबाइलवर वाचला जातो, आणि मग चर्चाही तिथंच होते.