'लोएस'ला गाळ म्हणू नका

प्रश्न असा: काश्मीरच्या करेवा पठारांवर जी लोएस माती आहे, तिला 'वाऱ्याने आणलेला गाळ' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हा 'वाऱ्याचा गाळ' जिथे तिथे वाचून वैताग आलाय. गाळ विहिरीत असतो, धरणात असतो, तेलाच्या बुधल्यात असतो. पातळ पदार्थाच्या तळाशी बसतो तो गाळ. वारा तो कुठून आणणार?

खरी मजा 'लोएस' या शब्दात आहे. जर्मनीत हाइडेलबर्गजवळ ऱ्हाइनच्या खोऱ्यातले लोक पिवळट, भुसभुशीत मातीला बोलीत 'लोश' म्हणत, म्हणजे सुटी, मोकळी. जर्मन भूशास्त्रज्ञ कार्ल फॉन लेओनहार्ट यांनी १८२३-२४च्या सुमारास हा शब्द भूशास्त्रात नेला. आल्प्सच्या हिमनद्यांनी जात्यासारखा खडक दळला, वितळपाण्यानं ते पीठ नदीपात्रात पसरलं, पात्र सुकलं की वाऱ्यानं उचललं. बहुतेक कण ०.०६ मिलिमीटरहून बारीक. चिमटीत धरा, तांदळाची पिठीच वाटेल.

आता 'लोश'चं गोत्र पाहा. इंग्रजी 'लूज' त्याचा भाऊ, ग्रीक 'लुओ' (सोडवणे) जवळचा नातलग आणि संस्कृत 'लू' (कापणे) त्याच कुळातला. या 'लू'पासून 'लव' आला: कापून सुटलेला तुकडा, कण. आपण 'लवमात्र', 'लवलेश' म्हणतो तोच! म्हणजे ऱ्हाइनकाठची ती माती आपल्या 'लव'ची चुलत बहीण. कापणं वेगळं आणि सुटणं वेगळं, हे दोन निराळे धातू आहेत, असं म्हणणारे विद्वान आहेत. त्यांनी एकदा ज्वारीच्या काढणीला यावं. विळा लागला की कणीस ताटापासून सुटतं. कापणं आणि सुटणं तिथे एकाच क्षणी घडतं. कोशात बसून ते वेगळं दिसत असेल, शेतात दिसत नाही.

सुटी म्हणून ही माती लेचीपेची मात्र नव्हे. तिचा उभा काप टिकतो. श्रीनगरजवळ बुर्झहोमला नवाश्मयुगीन माणसांनी करेवातच खड्डे खणून घरं केली. पांपोरचं केशरही करेवांवरच पिकतं.

मराठी शब्द हवाच असेल तर आजीच्या औषधाच्या डब्यात आहे: वस्त्रगाळ. गाळ म्हणजे तळाशी उरलेलं, वस्त्रगाळ म्हणजे फडक्यातून खाली उतरलेली बारीक पूड. वारा जड वाळू मागे टाकतो आणि बारीक तेवढं लांब नेतो. 'वस्त्रगाळ माती' म्हणा, नाहीतर सरळ लोएस म्हणा.