वाचक विचारतात : बालअतिदक्षता विभागातलं मूल

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम वगळली आहेत. बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता : "अजून द्यायला हवं होतं का?" अजून सलाईन, अजून रक्त, अजून ऑक्सिजन. गेल्या वीस वर्षांतलं या क्षेत्रातलं संशोधन वारंवार याच प्रश्नाशी येऊन थांबलं आहे. त्यामुळे उत्तरं देताना त्याचाच आधार घेतला आहे.

प्रश्न : पुतण्या दीड वर्षाचा, वजन दहा किलो. तापात हातपाय गार पडले म्हणून तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण अगदी हळू. "बाटली लवकर संपवा" म्हणून आम्ही मागे लागलो, ते ऐकेनात. पुढे बेळगावला हलवलं, मूल बरं झालं. घरात वाद मात्र अजून चालू आहे. सलाईन जोरात सोडलं असतं तर लवकर सुधारला नसता का? (खानापूर)

नाही. उलट धोका वाढला असता. तुमच्या घरातला हा वाद डॉक्टरांमध्येही कैक वर्षं होता. हातपाय गार, नाडी जलद, म्हणजे रक्ताभिसरण कमी पडतंय, मग शिरेतून पाणी भरा, हा सरळ हिशेब होता. पुस्तकांतही तसंच छापलेलं असे.

तो हिशेब तपासणारा 'फीस्ट' नावाचा अभ्यास केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या सहा रुग्णालयांत झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. तीव्र ताप आणि मंद रक्ताभिसरण असलेली ३,१४१ मुलं त्यात होती. बंद पाकिटातली चिठ्ठी उघडून तीन गट केले. एका गटाला सलाईन आणि दुसऱ्याला अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण), दोन्ही वजनाच्या किलोमागे २० ते ४० मिलिलिटर आणि तासाभरात. तिसऱ्या गटाला जोरात काहीच नाही, फक्त नेहमीच्या गरजेपुरतं हळू पाणी. अँटिबायोटिक, मलेरियाचं औषध, ऑक्सिजन, लागेल तिथे रक्त हे सगळ्यांना सारखंच. ४८ तासांत दगावलेल्या मुलांचं प्रमाण सलाईनच्या गटात १०.५ टक्के, अल्ब्युमिनच्या गटात १०.६ टक्के आणि हळू पाणी मिळालेल्यांत ७.३ टक्के निघालं. शंभर मुलांमागे तीन जीव जास्त गेले, तेही उपचारामुळे. अभ्यासावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने नवीन मुलं घेणं मध्येच थांबवायला लावलं. यातले बरेच मृत्यू फुप्फुसात पाणी भरून झाले असतील असं आधी वाटलं होतं. नीट तपासल्यावर हृदय आणि रक्ताभिसरण कोलमडून गेलेली मुलंच जास्त दिसली.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर नव्हते, अतिदक्षता विभाग नव्हता. म्हणूनच २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी उत्तराचे दोन भाग केले. अतिदक्षतेची सोय असेल तिथे पहिल्या तासात किलोमागे ४० ते ६० मिलिलिटरपर्यंत जाता येतं, पण १० ते २० मिलिलिटरच्या टप्प्यांनी आणि दर टप्प्यानंतर मूल पुन्हा तपासून. सोय नसेल आणि रक्तदाब टिकून असेल, तर असा जोराचा डोस द्यायचाच नाही. रक्तदाब खाली गेला असेल तर किलोमागे ४० पर्यंत, तेही सावकाश आणि लक्ष ठेवून.

तुमच्या पुतण्याचं गणित करून पाहा. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १० मिलिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर. बाटली ५०० ची असते. ती 'लवकर संपवली' असती तर त्या एका टप्प्याच्या पाचपट पाणी गेलं असतं. म्हणून लहान मुलाला बाटली थेट लावू नये. मध्ये मोजपट्टी असलेला ब्युरेट सेट हवा आणि त्यात एका वेळी लागेल तेवढंच भरावं. तो नसेल तर मायक्रोड्रिप सेट. त्यात ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणून मिनिटाला जितके थेंब तितकेच तासाला मिलिलिटर. नातेवाइकांनाही मोजता येईल इतकं ते सोपं आहे. चाक मात्र स्वतः फिरवू नका. पाणी जास्त झालं की श्वास आणखी जलद होतो, पापण्या सुजतात, पोटात उजवीकडे यकृत हाताला लागू लागतं. यातलं काही दिसलं तर लगेच सिस्टरांना बोलवा.

जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या मुलाला हे लागू नाही. तशी मुलं फीस्टमध्ये घेतलीच नव्हती. त्याच्या शरीरातलं पाणी खरोखरच गेलेलं असतं आणि ते भरूनच काढावं लागतं. बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर रिंगर लॅक्टेट किलोमागे ३० मिलिलिटर पहिल्या तासात आणि ७० पुढच्या पाच तासांत. मोठ्या मुलाला हेच अर्ध्या तासात आणि मग अडीच तासांत. "फीस्टने सलाईन वाईट ठरवलं" असं कुणी सांगितलं तर हा फरक त्याला आवर्जून सांगा. मूल सुकलेलं असताना सलाईन अडवलं तर तेही जिवावर बेततं.

प्रश्न : मी एका छोट्या दवाखान्यात नर्स आहे. न्यूमोनियाच्या बाळांसाठी पाण्याच्या बाटलीचं बबल सीपॅप सुरू करायचा विचार चालला आहे. ढाक्यात याने मृत्यू खूप घटले असं प्रशिक्षणात सांगितलं. आम्ही करावं का? (निपाणी)

बबल सीपॅप म्हणजे नाकातल्या नळ्यांतून ऑक्सिजन सतत थोड्या दाबाने देणं. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून तो दाब राखतात. ढाक्याची गोष्ट खरी आहे. तिथल्या अतिसार संशोधन केंद्राच्या रुग्णालयात तीव्र न्यूमोनिया आणि ऑक्सिजन कमी असलेल्या पाच वर्षांखालच्या २२५ मुलांवर हा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नाकातल्या साध्या नळीने कमी ऑक्सिजन मिळालेल्या गटात १५ टक्के मुलं गेली, बबल सीपॅपच्या गटात ४ टक्के. आधी तिथे शाम्पूच्या रिकाम्या बाटल्या वापरून हे जमवलं होतं.

पण त्याच्या शेजारी मलावीचा अभ्यास ठेवा. जिल्हा रुग्णालयातली ६४४ मुलं, २०१९ मध्ये प्रसिद्ध. त्यात एचआयव्हीची बाधा किंवा संपर्क, तीव्र कुपोषण किंवा ऑक्सिजन कमी असलेली मुलं होती. तिथे साध्या ऑक्सिजनच्या गटात ११ टक्के मुलं गेली, सीपॅपच्या गटात १७ टक्के. तत्त्व तेच, निकाल उलटा. ढाक्यात डॉक्टर आणि अनुभवी नर्स खाटेजवळ होत्या. मलावीत डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. त्यामुळे प्रशिक्षणात फक्त ढाका सांगितलं असेल तर ते अर्धंच झालं.

डॉक्टर चोवीस तास हाकेच्या अंतरावर असतील आणि रात्रपाळीला अशा दोन-तीन बाळांमागे एक नर्स देता येत असेल तरच सुरू करा. नसेल तर साधा ऑक्सिजन लावून वेळेत पुढे पाठवणं जास्त सुरक्षित आहे.

सुरू केलंत तर बाटलीकडे असं पाहा. नळीचं टोक पाण्याखाली ५ सेंटिमीटर असलं की दाबही ५ सेंटिमीटर पाण्याइतका. बाटलीवर चिकटपट्टीची खूण करा, कारण नळीत साचलेलं पाणी उतरून पातळी वाढते आणि नकळत दाबही वाढतो. बाटलीचं तोंड कधीही घट्ट बंद करू नका. पाणी सांडतं म्हणून बूच लावलं की हवेला वाट उरत नाही आणि सगळा दाब बाळाच्या फुप्फुसावर येतो. बाटली बाळाच्या पातळीखाली ठेवा. बुडबुडे थांबले तर आधी नाकातल्या नळ्या निसटल्या का, मग तोंड उघडं आहे का, मग सांधे सैल झालेत का, या क्रमाने पाहा. लगेच फ्लो वाढवायला जाऊ नका. नळ्या नाकपुडीत नीट बसाव्यात, पण मधल्या पडद्याला टेकू नयेत. टेकल्या तर लवकरच तिथे जखम होते. हवा पोटातही जाते, म्हणून तोंडातून जठरात नळी घालून तिचं टोक उघडं ठेवा. आणि बाळ एकाएकी खालावलं, छातीची एकच बाजू हलतेय असं दिसलं, तर फुप्फुसाभोवती हवा साठल्याची शंका घेऊन तेव्हाच्या तेव्हा डॉक्टरांना हाक मारा.

प्रश्न : मुलीचं हिमोग्लोबिन ८ होतं, आयसीयूत असूनही रक्त चढवलं नाही. पैसे वाचवले का? (चिकोडी)

रक्तस्राव नसेल आणि मुलीची स्थिती स्थिर असेल तर डॉक्टरांनी बरोबर केलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थिर प्रकृतीच्या ६३७ मुलांपैकी निम्म्यांना हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, उरलेल्यांना ९.५ च्या खाली गेलं की लगेच. अवयव निकामी होण्याचं प्रमाण दोन्हीकडे १२ टक्केच राहिलं. पहिल्या गटातल्या निम्म्याहून अधिक मुलांना रक्ताची एकही पिशवी लागली नाही. रक्तस्राव चालू असलेल्या किंवा जन्मजात हृदयदोषाने निळं पडणाऱ्या मुलांना हा आकडा लावू नये.

प्रश्न : नातू व्हेंटिलेटरवर असताना मॉनिटरवर ९० दिसायचे. ऑक्सिजन वाढवा म्हटलं तर सिस्टर म्हणायच्या, "आजी, चालतंय." (बेळगाव, शहापूर)

सिस्टरांचं बरोबर होतं. ब्रिटनमधल्या १५ विभागांत दोन हजारांवर मुलांचा अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ दरम्यान ठेवली, दुसऱ्यात ९४ च्या वर. कमी पातळीचा गट थोडा सरस ठरला. पण हे यंत्रावरच्या, सतत नजरेखाली असलेल्या मुलाबद्दल आहे. घरी किंवा साध्या दवाखान्यात ९० च्या खाली गेलं की ऑक्सिजन लावायलाच हवा.

प्रश्न : बहिणीचं बाळ श्वासाच्या नळीवर होतं. एका अभ्यासात घ्यायचं म्हणून भावोजींची सही मागितली. कागद कन्नडमध्ये. वरचं 'ओप्पिगे पत्र' (संमतिपत्र) एवढंच कळलं. आम्ही मराठी शाळेत शिकलेलो. सही केली नाही. आमचं चुकलं का? आणि आमची पोरं काय प्रयोगाचे उंदीर आहेत का? (येळ्ळूर)

तुमचं मुळीच चुकलं नाही. न वाचलेल्या कागदावर सही न करणं हे आईबापाचं कर्तव्यच आहे. माहितीपत्रक आणि संमतिपत्र आईवडिलांना समजणाऱ्या भाषेत असावं, असा नियमच आहे. सीमाभागात ती भाषा मराठी असू शकते आणि तशी मागणी करण्यात कुणाचा अपमान नाही. लिहिता-वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण बोलणं होईपर्यंत हजर हवा आणि त्याचीही सही हवी. सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

मराठी प्रत हातात आल्यावर हे विचारा. माझं मूल अभ्यासात नसतं तर नेमके कोणते उपचार मिळाले असते? जादा तपासण्यांसाठी किती रक्त काढणार, आणि खर्च कुणाचा? (तुमचा असू नये.) इजा झाली तर काय? औषधाच्या चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक कोणता? औषधांच्या चाचण्यांसाठी ही नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे आणि क्रमांक टाकून कुणालाही ती मोबाइलवर पाहता येते. कोणत्याही क्षणी "आता नको" म्हणता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार तोडता येत नाहीत. मूल शुद्धीवर असेल तर सात वर्षांपुढे त्याचाही होकार घ्यावा लागतो, बारापुढे लेखी.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न फार जिव्हाळ्याचा आहे. गुदमरून जन्मलेल्या बाळांना तीन दिवस थंड ठेवायचे उपचार श्रीमंत देशांत यशस्वी ठरले आणि आपल्याकडेही आले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर ते तपासले आणि २०२१ मध्ये निकाल आला. थंड ठेवलेल्यांपैकी ४२ टक्के बाळं दीड वर्षाच्या आत दगावली, न ठेवलेल्यांपैकी ३१ टक्के. हे इथे तपासलंच नसतं तर उपचार समजून तेच चालू राहिलं असतं. आपल्या जिल्ह्याचंच पाहा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा अभ्यास बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या १,६२० बायांवर झाला. २००६ मध्ये निकाल आला तेव्हा रक्तस्रावाचं प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आलेलं होतं. त्या बायांच्या संमतीमुळे जगभरच्या बाळंतिणींचं भलं झालं. म्हणून संशोधनाला सरसकट नाही म्हणू नका, मराठी कागद मागा. वेळ फारच कमी असेल तर आधी तोंडी आणि नंतर लेखी संमती घेण्याची पद्धत आहे, पण तिला आचारसमितीची आधीच मान्यता लागते. फीस्टमध्येही तसंच केलं होतं.

प्रश्न : तालुक्याहून बेळगावला मूल हलवताना चिठ्ठीत काय हवं? (खानापूर)

वजन सगळ्यात आधी, कारण प्रत्येक डोस त्यावर ठरतो. मग आतापर्यंत दिलेलं सलाईन, तेही मिलिलिटरमध्ये. 'एक बाटली चालू' असं लिहून उपयोग नाही. पहिलं अँटिबायोटिक कोणतं आणि किती वाजता दिलं. शेवटची लघवी कधी झाली. मिनिटाला श्वास किती, पूर्ण एक मिनिट मोजून. दोन महिन्यांखाली ६०, एक वर्षाखाली ५० आणि पाच वर्षांखाली ४० किंवा जास्त म्हणजे जलद. वाटेतला ऑक्सिजन आधीच मोजा. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतो. मिनिटाला ५ लिटर लावला तर तो पाच तास पुरतो, पण काटा अर्ध्यावर असेल तर अडीचच. निघण्याआधी ड्रायव्हरसमोर तो काटा एकदा पाहून घ्या.