'दरड कोसळली' या वाक्यात कर्ता कोण?

प्रश्न असा आला आहे: 'दरड कोसळणे' आणि 'भूस्खलन' एकच का? आणि माणसाने डोंगर पोखरल्यामुळे तो खाली आला, तर त्याला 'मानवनिर्मित भूस्खलन' म्हणावं का?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. दोन्ही अगदी एक नाहीत. दरड म्हणजे डोंगराची किंवा नदीकाठाची तुटलेली, उभी बाजू; कोसळायच्या आधीही ती दरडच असते. खाली आलेल्या दगडमातीलाही आपण दरड म्हणतो ('रस्त्यावरची दरड हटवली'), आणि हा अर्थ आता इतका रुळलाय की त्याला चूक ठरवू नये. भूस्खलन त्याहून व्यापक. संस्कृतात 'स्खल्' म्हणजे अडखळणं, घसरणं. कडा तुटून पडला, चिखलाचा लोंढा आला किंवा सबंध उतार वर्षाला दोन-चार सेंटीमीटर सरकत राहिला, तरी ते भूस्खलनच. या शेवटच्या प्रकाराला 'दरड कोसळली' म्हणता येत नाही. तिथे 'डोंगर सरकतोय' हे साधं बोलणंच नेमकं.

खरा पेच क्रियापदाचा आहे. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे अशा जोड्या मराठीत भरपूर. 'कोसळणे' मात्र एकटं. 'कोसळवणे' व्याकरणात बसेल, पण बोलताना ते कोणाच्या तोंडी येत नाही. त्यामुळे वाक्यात कर्ता म्हणून दरडच उरते, आणि कारण म्हणून 'अतिवृष्टीमुळे' हा तयार शब्द पुढे लागतो.

पाऊस हे खोटं कारण नाही. मातीच्या कणांमधल्या फटींत पाणी भरलं की ते कणांना एकमेकांपासून रेटतं, घर्षण कमी होतं आणि वजन वाढतं. पण तोच पाऊस शेजारच्या उतारावरही पडलेला असतो. मग हाच उतार का सुटला? पाहायला गेलं तर अनेकदा खाली रस्त्यासाठी पायथा उभा कापलेला असतो, वर भराव टाकलेला असतो, ओहोळ बुजवलेला असतो, किंवा फुटक्या नळाचं पाणी वर्षानुवर्षं मुरत आलेलं असतं. कोरड्या वाळूचा ढीग साधारण 30 ते 35 अंशांच्या उतारावर स्थिरावतो. त्याच्या तळातून ओंजळभर वाळू काढून बघा, वरची वाळू लगेच घसरून खाली येते. पायथा कापणं म्हणजे हेच. माती चिकट असली किंवा खडक असला तर ती घसरण लांबते, एवढाच फरक. झाडांचं तर आणखी फसवं: झाड तोडलं तरी मुळं काही वर्षं माती धरून ठेवतात आणि मग कुजतात. उतार सुटतो तेव्हा तोड विस्मरणात गेलेली असते, पाऊस मात्र डोळ्यांसमोर असतो.

म्हणून 'मानवनिर्मित' हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. 'मानव' म्हटलं की सगळे आले, म्हणजे नेमकं कोणीच नाही. त्यापेक्षा 'कोसळणे' आहे तसं ठेवावं आणि सकर्मक क्रियापद त्याच्या आधी आणावं: 'रस्त्यासाठी पायथा कापला, कापलेल्या जागी पाणी मुरलं आणि दरड कोसळली.' कापणे, पोखरणे, बुजवणे, सुरुंग लावणे ही क्रियापदं लगेच विचारतात, कोणी?

वेल्समधल्या अ‍ॅबरफान गावावर 21 ऑक्टोबर 1966 रोजी राष्ट्रीय कोळसा मंडळ या सरकारी संस्थेच्या खाणीतल्या टाकाऊ मालाचा ढिगारा घसरून आला. 144 माणसं गेली, त्यांतली 116 मुलं. ढिगारा डोंगरउतारावर, झऱ्यांवरच रचलेला होता. मृत्यूंच्या चौकशीत एका मुलाचं कारण म्हणून गुदमरणं आणि जखमा असं वाचून दाखवलं, तेव्हा त्याचे वडील म्हणाले की नाही, 'राष्ट्रीय कोळसा मंडळाने जिवंत गाडलं' असं नोंदवा. त्या बापाला वाक्यात कर्ता हवा होता. पुढे 1967 मध्ये चौकशी न्यायाधिकरणानेही दोष कोळसा मंडळाचाच ठरवला.

आणखी एक, लिहिताना 'भुस्खलन' नको. भू म्हणजे जमीन, तो दीर्घच.